घरगुती कार्बन डायऑक्साइड: गोव्याच्या उकाड्यात आणि मृदू पाण्यात तो स्थिर कसा ठेवावा

कुडचडे येथील एका मत्स्यपालकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्याकडे दोन फूट लांबीची, प्रत्यक्षात सुमारे ६० लिटर पाणी मावणारी वनस्पतींची टाकी आहे. पाणी घरच्या विहिरीचे आहे, दिवा ३० वॅटचा एलईडी आहे आणि तो दिवसाचे दहा तास चालू असतो. दोन लिटरच्या बाटलीत दोन वाट्या साखर आणि एक चमचा यीस्ट घालून ते कार्बन डायऑक्साइड तयार करतात. पहिले दोन दिवस बुडबुड्यांची धार लागते आणि पाचव्या-सहाव्या दिवशी बाटली थंडावते. मधल्या काळात सकाळी टेट्रा मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे वर करून असतात, आणि पानांच्या कडांवर काळे केसाळ शेवाळ धरू लागले आहे. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरचा खर्च तूर्त परवडणारा नाही. तेव्हा घरगुती पद्धत सुधारता येईल का, सायट्रिक आम्लाची पद्धत अधिक बरी का, विहिरीचे पाणी चालेल का, आणि चवथीला (गणेशचतुर्थीला) आठ दिवस काणकोणला मूळ घरी जायचे असते तेव्हा टाकीचे काय करावे, असे त्यांनी विचारले आहे.

आपल्या तिन्ही तक्रारी, म्हणजे लवकर थंडावणारी बाटली, सकाळी धापा टाकणारे मासे आणि काळे शेवाळ, एकाच कारणाच्या आहेत. वायू कमी पडत नाही, तो थोड्या दिवसांत एकदम येतो आणि मग एकदम थांबतो. मी गेली सोळा वर्षे फोंड्याला वनस्पतींच्या टाक्या सांभाळतो आहे आणि त्यांतील पहिली नऊ वर्षे सिलिंडरशिवाय काढली आहेत. त्या अनुभवावरून ठामपणे सांगतो की घरगुती पद्धतीत वायू किती तयार होतो याला दुय्यम महत्त्व आहे. तो आज जितका आला तितकाच उद्या आणि परवा यावा, यावर सारे अवलंबून असते. रोज थोडा पण सारखा वायू मिळणारी टाकी, दोन दिवस भरपूर आणि चार दिवस शून्य वायू मिळणाऱ्या टाकीपेक्षा नेहमीच चांगली वाढते.

याचे कारण वनस्पतीच्या बाजूने पाहिले तर स्पष्ट होते. हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड लिटरला जेमतेम अर्धा-पाऊण मिलिग्रॅम असतो. माशांच्या श्वसनाने आणि तळातील कुजण्याने तो दोन-तीन मिलिग्रॅमपर्यंत जातो, इतकेच. शिवाय पाण्यात हा वायू हवेतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतो, त्यामुळे पानालगतचा थर चटकन रिकामा होतो. वाळलेल्या वनस्पतीच्या वजनाचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग कार्बनचा असतो, म्हणजे ही टंचाई वनस्पतीच्या अगदी मुळावर येते. वायू वाढला की वनस्पती आपली आंतरिक रचना त्या पुरवठ्याला जुळवून घेते आणि त्याला काही दिवस लागतात. ती जुळवून घेत असतानाच पुरवठा तुटला तर नवी पाने दुबळी राहतात, आणि दुबळ्या पानाची कड शेवाळ सर्वांत आधी धरते.

म्हणून बाटलीला हात लावण्याआधी दिव्याला हात लावावा. मागणी किती असेल ते प्रकाश ठरवतो. वायू आणि खते ती मागणी भागवतात. दहा तासांचा तेजस्वी प्रकाश आणि डळमळीत वायू ही जोडी शेवाळासाठी अनुकूल असते. दिवा उद्यापासून सहा तासांवर आणावा, शक्य असेल तर तो पाण्यापासून आणखी चार-पाच इंच उंच टांगावा, आणि काळे पडलेले पान कात्रीने देठापासून काढून टाकावे, कारण ते पान पुन्हा स्वच्छ होत नाही. या एका बदलाला पैसा लागत नाही, आणि पुढचे सर्व उपाय त्याच्यावरच उभे आहेत.

आता यीस्टकडे वळू. बाटलीत जे घडते तेच काजूच्या हंगामात बोंडांच्या रसात आपण दर वर्षी पाहतो: रस ठेवला की दुसऱ्या दिवशी फसफसू लागतो, पृष्ठभागावर फेस येतो, आणि दोन-तीन दिवसांत तो शांत होऊन भट्टीला चढवण्याजोगा होतो. यीस्ट साखरेचे मद्यार्क आणि कार्बन डायऑक्साइड करते. २०० ग्रॅम साखर पूर्णपणे आंबली तर सुमारे १०३ ग्रॅम, म्हणजे आपल्याकडच्या तापमानाला साधारण ५८ लिटर वायू तयार होतो. हे प्रमाण सैद्धांतिक आहे. तयार होणारे मद्यार्कच शेवटी यीस्टला मारते, त्यामुळे प्रत्यक्षात याहून कमी वायू हाती येतो. १.२५ लिटर पाण्यात २०० ग्रॅम साखर घातली तरी शेवटी दहा टक्क्यांच्या आसपास मद्यार्क होते, आणि पावाचे साधे यीस्ट तिथपर्यंत पोचता पोचता दमते. याचा व्यावहारिक अर्थ असा की साखर वाढवून बाटलीचे आयुष्य वाढत नाही.

ते वाढवायचे तर यीस्ट कमी करावे लागते. यूरोप-अमेरिकेतील थंड घरांसाठी लिहिलेल्या कृतींत अर्धा ते एक चमचा यीस्ट असते, आणि तिथे ते योग्यच आहे. यीस्ट ३० ते ३५ अंशांना सर्वांत वेगाने काम करते, आणि एप्रिल-मे महिन्यांत कुडचड्याच्या घरातले तापमान नेमके तेवढेच असते. म्हणून आपण चहाच्या चमच्याचा पाव भाग, त्याहून एक कणही जास्त नको, इतके कोरडे यीस्ट घ्यावे. अर्धी वाटी कोमट पाण्यात चिमूटभर साखर घालून ते दहा मिनिटे भिजू द्यावे आणि फेस दिसला की बाटलीत ओतावे. साखरेच्या पाण्यात खायचा सोडा चिमूटभर घातला तर आंबताना वाढणारी आम्लता थोडी आवरते. बाटली पाण्याने अर्ध्या भरलेल्या बादलीत उभी ठेवावी. दुपार-रात्रीच्या तापमानाचा चढउतार त्याने बराच मंदावतो, आणि बाटली कलंडली किंवा गळली तर घाण बादलीतच राहते.

याहूनही सावकाश चालणारी बाटली हवी असेल तर साखर चायना ग्रासमध्ये गोठवावी. अर्धा लिटर पाण्यात ५ ग्रॅम चायना ग्रास पूर्ण विरघळेपर्यंत उकळावे, त्यात २०० ग्रॅम साखर घालून ढवळावे, सोसवेल इतके निवल्यावर नरसाळ्याने बाटलीत ओतावे आणि गोठल्यावर वरून यीस्टचे सुमारे ६०० मिलिलिटर पाणी घालावे. साखर गोठलेल्या थरातून हळूहळू वर झिरपते आणि यीस्टला रोजच्या रोज थोडीच मिळते. काही कृतींत चायना ग्रासऐवजी जिलेटीन सांगितलेले असते. गोव्यात ते वापरू नये, कारण जिलेटीन तिशी-पस्तिशीच्या अंशांतच वितळते आणि उन्हाळ्यात सगळी साखर एकदम मोकळी होते. चायना ग्रास एकदा गोठले की ऐंशी अंशांच्या पुढे गेल्याशिवाय वितळत नाही.

सर्वांत परिणामकारक युक्ती मात्र दोन बाटल्यांची आहे. दोन्ही बाटल्यांच्या नळ्या टी-जोडाने एकत्र करून टाकीकडे न्याव्यात आणि आज एक बाटली भरली तर दुसरी सहा-सात दिवसांनी भरावी. एक उतरणीला लागते तेव्हा दुसरी भरात असते, आणि टाकीला मिळणारा वायू बऱ्यापैकी सारखा राहतो. प्रत्येक बाटलीच्या नळीवर तिचा स्वतंत्र नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असलाच पाहिजे, नाहीतर जोमातली बाटली आपला वायू थकलेल्या बाटलीत ढकलते.

झाकणाचा जोड हा घरगुती संचातील सर्वांत दुर्लक्षित भाग आहे, म्हणून तो सविस्तर सांगतो. झाकणाला नळीच्या जाडीपेक्षा किंचित लहान भोक तापवलेल्या खिळ्याने न पाडता ड्रिलने पाडावे. खिळ्याचे भोक वेडेवाकडे होते. नळीचे टोक तिरपे कापावे, मिनिटभर गरम पाण्यात धरावे, भोकातून आत सारावे आणि झाकणाच्या आतल्या बाजूने पकडीने खेचून दोन बोटे आत घ्यावे. थंड झाल्यावर नळी फुगून भोकात घट्ट बसते. टाकीला लावायचे सिलिकॉन झाकणाच्या प्लॅस्टिकला नीट चिकटत नाही. त्यावर भरवसा ठेवला तर आठवड्यात गळती सुरू होते. नळी पॉलियुरेथेनची घ्यावी. मऊ सिलिकॉन नळीच्या भिंतीतूनच कार्बन डायऑक्साइड हळूहळू निसटत राहतो. सगळे जोड साबणाच्या फेसाने तपासावेत. बुडबुडे कमी झाले म्हणून यीस्ट वाढवणाऱ्या कितीतरी जणांच्या संचात दोष फक्त झाकणाचा असतो.

बाटली आणि टाकी यांच्यामध्ये अर्धी पाण्याने भरलेली एक लहान बाटली जरूर ठेवावी. पहिली बाटली उतू गेली तर आंबलेला गाळ तिथेच अडकतो. तिसऱ्या वर्षी मी साखरेऐवजी गूळ वापरला आणि ही मधली बाटली जोडली नाही. गुळाला फेस फार येतो. मध्यरात्री तो नळीतून टाकीत उतरला, सकाळी पाणी दुधासारखे पांढरे झाले होते, आणि त्या साखर-मद्यार्कावर वाढलेल्या जिवाणूंनी पाण्यातला प्राणवायू संपवल्याने सात मासे गेले. पाऊण टाकी पाणी बदलून आणि हवेचा पंप लावून उरलेले वाचले. तेव्हापासून मी यीस्टसाठी फक्त साखर वापरतो आणि मधल्या बाटलीशिवाय संच सुरू करत नाही.

आपला दुसरा प्रश्न सायट्रिक आम्ल आणि खायच्या सोड्याच्या पद्धतीविषयी आहे. आपल्यासारख्या साठ लिटरच्या टाकीसाठी मी हीच पद्धत सुचवीन. २०० ग्रॅम सोड्यापासून पूर्ण अभिक्रियेत सुमारे १०५ ग्रॅम, म्हणजे ५९ लिटर वायू मिळतो, म्हणजे २०० ग्रॅम साखरेइतकाच. फरक असा की इथे यीस्ट मरण्याचा प्रश्न नसल्याने हिशेबातला बहुतेक वायू खरोखर मिळतो, आणि मुख्य म्हणजे तो हवा तेव्हा मिळतो व नको तेव्हा थांबवता येतो.

संचात शेजारी शेजारी दोन बाटल्या असतात. मी आम्लाच्या बाटलीत २०० ग्रॅम सायट्रिक आम्ल ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवतो आणि दुसरीत २०० ग्रॅम सोडा कोरडाच घालून वर २०० मिलिलिटर पाणी ओततो. सोडा पूर्ण विरघळत नाही आणि तशी गरजही नाही. आम्ल हिशेबापेक्षा थोडे जास्त होते, ते मुद्दाम, म्हणजे सोडा वाया जात नाही. झाकणे घट्ट करून आम्लाची बाटली हाताने दाबली की थोडे आम्ल नळीतून सोड्यावर पडते, वायू सुटतो आणि दोन्ही बाटल्यांत दाब चढतो. पुढे वायू टाकीकडे जाऊ लागला की सोड्याच्या बाटलीतला दाब उतरतो, आम्लाच्या बाटलीत अडकलेला दाब मात्र तसाच असतो, आणि या फरकाने पुन्हा थोडे आम्ल पलीकडे ढकलले जाते. बाटल्यांजवळ बसून पाहिले तर हे अगदी स्पष्ट दिसते: नळीत आम्लाचा एक लहान स्तंभ पुढे सरकतो, सोड्याच्या लगद्यावर थेंब पडतो, क्षणभर फसफस होते आणि दाबमापकाचा काटा किंचित वर येऊन स्थिरावतो. दाब प्रतिचौरस सेंटिमीटर एक ते दीड किलोच्या दरम्यान ठेवावा. दाबमापक आणि नीडल व्हॉल्व्ह (वायूचा वेग बारीक जुळवणारी झडप) यांसह जोडणीचा तयार संच हजार-दीड हजार रुपयांच्या आसपास मिळतो. तो घ्यावा, कारण ही झाकणे घरी बनवून त्या दाबाला टिकत नाहीत.

आपल्या टाकीला सुरुवातीला दोन सेकंदांना एक बुडबुडा पुरेल. दोन आठवड्यांत तो सेकंदाला एक इतका वाढवावा. दिवसाला सहा-सात तास या वेगाने साधारण दीड ते दोन लिटर वायू खर्च होतो, म्हणजे किरकोळ गळती धरूनही एक भरणा तीन आठवडे सहज चालतो. नीडल व्हॉल्व्ह रोज उघड-बंद करू नये. एकदा बसवलेला वेग त्याने बिघडतो. त्याच्या पुढे चालू-बंदचा लहान कॉक लावावा, दिवा लागण्याच्या तासभर आधी तो उघडावा आणि दिवा मालवण्याच्या तासभर आधी बंद करावा. पावसाळ्यात आपल्याकडे सायट्रिक आम्लाचे खडे होतात आणि सोड्याच्या गुठळ्या, म्हणून दोन्ही घट्ट झाकणाच्या डब्यांत ठेवावीत. सायट्रिक आम्लाऐवजी फरशी धुण्याचे आम्ल वापरण्याची कल्पना काही जण सुचवतात. ती धोकादायक आहे, कारण त्याच्या वाफा वायूबरोबर टाकीत आणि माणसाच्या फुप्फुसांतही जातात.

दोन्ही पद्धतींत बाटली फसफसणाऱ्या शीतपेयाचीच हवी. पिण्याच्या पाण्याची पातळ बाटली किंवा काचेची बाटली कधीही वापरू नये. काच फुटली तर ती डोळ्यांपर्यंत येते. प्लॅस्टिकवर पांढरी सुरकुती दिसली की बाटली बदलावी. यीस्टच्या बाटलीचा मार्ग तर कोणत्याही कारणाने पूर्ण बंद करू नये, कारण यीस्ट थांबत नाही आणि दाब वाढतच जातो.

वायू तयार झाला म्हणजे तो पाण्यात गेला असे नव्हे. थेट सोडलेला बुडबुडा दोन सेकंदांत वर येऊन फुटतो. यीस्टच्या बाटलीचा दाब कमी आणि अनियमित असल्याने तिला सिरॅमिकचा डिफ्यूझर (वायूचे बारीक बुडबुडे करणारी चकती) मानवत नाही. तिच्यासाठी उपडा पेला उत्तम: मोठ्या सिरिंजचे टोक कापून, दुसरे तोंड बंद राहावे म्हणून दट्ट्या आतच ठेवून ती आतल्या काचेला पाण्याखाली उपडी चिकटवावी आणि नळी तिच्या तोंडाशी सोडावी. वायू आत साठतो आणि पाण्याच्या संपर्कातून हळूहळू विरघळतो. यात एक मोठी सोय आहे जी पावसाळ्यात फार उपयोगी पडते. वीज गेली, फिल्टर थांबला, की पेल्याखालचे पाणी हलत नाही आणि वायू विरघळण्याचा वेगही आपोआप मंदावतो. जास्तीचा वायू पेल्याच्या कडेने निसटून जातो. सायट्रिक संचाला सिरॅमिक डिफ्यूझर चालतो. तो फिल्टरच्या प्रवाहाखाली, टाकीच्या खालच्या भागात बसवावा म्हणजे बारीक धुके सर्व पानांपर्यंत पोचते.

विहिरीच्या पाण्याविषयीचा आपला प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण इथे गोव्याची जमीन आड येते. आपल्या जांभ्या दगडात चुन्याचा अंश नगण्य असतो, त्यामुळे अशा विहिरींचे पाणी मृदू आणि किंचित आम्लधर्मी असते आणि त्याची कार्बोनेट कठिणता, म्हणजे केएच (आम्ल झेलण्याची पाण्याची क्षमता), बहुधा एक-दोन अंशांतच राहते. ताज्या उपशाचा पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका लहान तितकी आम्लता जास्त) आणखी फसवा असतो, कारण भूजलात आधीच बराच कार्बन डायऑक्साइड असतो. बादलीत एक दिवस ठेवून, मधूनमधून ढवळून मग मोजावे.

पीएच, केएच आणि वायू यांचे नाते ठरलेले आहे. केएच चार अंश असताना पीएच ६.६ असेल तर पाण्यात लिटरला सुमारे ३० मिलिग्रॅम वायू असतो. केएच दोन असताना तेवढाच वायू ६.३ पीएचला असतो आणि केएच एक असताना ६.० पीएचला. म्हणजे केएच चार धरणाऱ्या परदेशी तक्त्यातला ६.६ हा आकडा डोळ्यांसमोर ठेवून आपण पाण्यात वायू मोजू गेलात, तर केएच एक असलेल्या विहिरीच्या पाण्यात तो अवघा आठ मिलिग्रॅमच्या आसपास भरेल. उलट पीएच ६.० दिसला म्हणून घाबरून वायू बंद करण्याचेही कारण नाही. ३० मिलिग्रॅम ही माझ्या मते वरची मर्यादा मानावी. आपल्या वनस्पतींना १५ ते २० पुरेत.

मात्र केएच अगदी शून्याकडे जाणे चांगले नाही, कारण फिल्टरमधल्या जिवाणूंच्या कामाने निर्माण होणारे आम्ल झेलायला मग पाण्यात काही उरत नाही आणि पीएच कोसळू शकतो. यासाठी आपल्या स्वयंपाकघरातच उपाय आहे. तिसऱ्यांची (खाण्याच्या कालवासारख्या जीवांची) शिंपले उकळून, घासून, कडक उन्हात वाळवून जाडसर कुटावीत आणि मूठभर कूट पातळ कापडाच्या पिशवीत बांधून फिल्टरमध्ये ठेवावे. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि तो कार्बन डायऑक्साइड विरघळलेल्या पाण्यातच चांगला झिजतो, त्यामुळे वायू जास्त असतो तेव्हा तो जास्त विरघळून पाण्याला आधार देतो. दर आठवड्याला केएच मोजावा आणि तो तीनच्या पुढे गेला तर पिशवीतले कूट कमी करावे. घाई असेल तर खायचा सोडाही चालतो: १०० लिटर पाण्यात ३ ग्रॅम सोडा केएच एका अंशाने वाढवतो, म्हणजे आपल्या टाकीला दोन ग्रॅमांहूनही कमी. तो एकदम न घालता दोन दिवसांत विभागून घालावा.

वायू रोज नजरेने मोजण्यासाठी ड्रॉप चेकर, म्हणजे टाकीत लावायची, आतल्या द्रवाच्या रंगावरून वायूचे प्रमाण दाखवणारी लहान कुपी, घ्यावा. त्यातला द्रव विकत घेण्याची गरज नाही. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात ६ ग्रॅम खायचा सोडा विरघळवावा, त्यातले २० मिलिलिटर द्रावण सिरिंजने घेऊन डिस्टिल्ड पाण्याने एक लिटर करावे, म्हणजे बरोबर चार अंश केएचचे पाणी तयार होते. साध्या काट्यावर ०.१२ ग्रॅम सोडा वजन करता येत नाही, म्हणून हा दोन टप्प्यांचा मार्ग. त्यात ब्रोमोथायमॉल ब्लूचे (आम्लतेनुसार रंग बदलणाऱ्या द्रवाचे) दोन-तीन थेंब टाकून ते चेकरमध्ये भरावे. निळा रंग म्हणजे वायू कमी, हिरवा म्हणजे सुमारे ३० मिलिग्रॅम, पिवळा म्हणजे धोका. हा रंग दोन तास मागे चालतो, हे लक्षात ठेवून दिवा लागल्यावर तीन तासांनी पाहावे. आपल्याला निळसर हिरवा रंग हवा आहे.

आता सकाळी वर येणारे मासे. दिवा मालवला की वनस्पती वायू घेणे थांबवतात आणि प्राणवायू वापरू लागतात, आणि यीस्टची बाटली तर रात्रभर वायू सोडतच राहते. त्यातच ३० अंशांच्या पाण्यात हवेतून जास्तीत जास्त साडेसात मिलिग्रॅमच प्राणवायू विरघळतो. पहाटेपर्यंत कार्बन डायऑक्साइड वाढलेला आणि प्राणवायू घटलेला असतो. यीस्ट चालू असेतो दिवा मालवल्यावर वायूची नळी मधल्या बाटलीपुढे सोडवून टाकीबाहेर मोकळी ठेवावी आणि सकाळी पुन्हा जोडावी. त्याबरोबर रात्रभर हवेचा पंप चालू ठेवावा. मे महिन्यात पाण्यावर लावलेला लहान पंखा बाष्पीभवनाने तापमान एक-दोन अंश उतरवतो, पण पृष्ठभाग हलल्याने वायूही निसटतो, तेवढे गृहीत धरावे. सकाळी मासे वर दिसले तर कारण शोधत न बसता आधी वायू काढावा, हवा सुरू करावी आणि एक तृतीयांश पाणी बदलावे.

सिलिंडर पुढे कधी घ्यायचा झाला तर त्याविषयी दोनच गोष्टी. जुने अग्निशामक नळकांडे स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नये. त्यात तळापर्यंत जाणारी नळी असते आणि तिच्यातून वायूऐवजी द्रव रेग्युलेटरमध्ये येतो. दुसरे, कार्बन डायऑक्साइड ३१ अंशांच्या वर द्रवरूपात राहू शकत नाही आणि त्या तापमानाला सिलिंडरमधला दाब सत्तर बारच्या पुढे असतो. आपल्या उन्हाळ्यात गच्चीवर किंवा बंद गाडीत ठेवलेला, जादा भरलेला सिलिंडर म्हणूनच घातक ठरतो. ५ किलोचा सिलिंडर बंद खोलीत पूर्ण गळला तर दहा बाय बारा फुटांच्या खोलीतील हवेत आठ टक्क्यांपर्यंत हा वायू होऊ शकतो आणि ते प्रमाण माणसाला बेशुद्ध करू शकते. सोड्याची एक बाटली पूर्ण गळली तर त्याच खोलीत एक टक्क्याचा पाचवा भागही होत नाही. सिलिंडर प्रमाणित, दर पाच वर्षांनी जलदाब चाचणी झालेला असावा. बाजारात द्रव कार्बन म्हणून मिळते ते बहुधा ग्लुटराल्डिहाइड असते. तो कार्बन डायऑक्साइड नव्हे, आणि व्हॅलिस्नेरियासारख्या वनस्पती त्याने वितळतात.

वनस्पतींची निवडही वायूला जुळणारी असावी. लाल रोटाला मॅक्रँड्रा आपल्याच सह्याद्रीतली असली तरी टाकीत तिला भरपूर आणि अखंड वायू लागतो. ती सहा महिने थांबू द्यावी. क्रिप्टोकोरीन स्पायरॅलिस आपल्या भागातल्या ओढ्यांच्या आणि शेतांच्या काठी वाढते, थोड्या वायूत समाधानी असते आणि आपल्या पाण्याला सरावलेली आहे. ती रोपवाटिकेतून किंवा दुसऱ्या मत्स्यपालकाकडून घ्यावी. अभयारण्यातून झाड उपटणे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार गुन्हा आहे. साधी रोटाला रोटुंडिफोलिया मात्र आत्ताच लावावी, कारण वायू नीट लागू झाला की नाही हे तीच सर्वांत आधी सांगते: दिवा लागून चार-पाच तास झाले की तिच्या कोवळ्या पानांच्या टोकांवर प्राणवायूचे मोत्यासारखे कण जमतात आणि एकेक सुटून वर जातात.

चवथीच्या आठ दिवसांसाठी वायू चालू ठेवून जाऊ नये. निघण्याच्या चार दिवस आधी दिवा सहावरून चार तासांवर आणावा आणि टायमरला जोडावा. निघण्याच्या आदल्या दिवशी एक तृतीयांश पाणी बदलून सायट्रिक संचाचा कॉक बंद करावा, आणि आम्लाच्या बाटलीचे झाकण सैल करून दाब शून्यावर आणावा. यीस्टची बाटली असेल तर ती रिकामी करून धुऊन ठेवावी. हवेचा पंप रात्रीच्या टायमरवर लावावा. खत घालू नये. धडधाकट मोठे मासे आठ दिवस उपाशी सहज राहतात, त्यामुळे शेजाऱ्यांना खाद्य टाकायला सांगायचे असेल तर तिसऱ्या आणि सहाव्या दिवसासाठी दोन पुड्या मोजून बांधून द्याव्यात आणि डबा कपाटात ठेवावा. परतल्यावर वायू पहिल्या दिवशी तीन सेकंदांना एक बुडबुडा इतकाच सोडावा, चेकरचा रंग पाहत आठवडाभरात पूर्वीच्या वेगावर यावे, आणि दिवा त्याच्या मागोमाग, दर दोन दिवसांनी अर्ध्या तासाने वाढवावा.